पहिला पडला त्याला पहिला उचला

इवाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर सांडगे घालत होते. फोन मंदाचा, माझ्या मुलीचा. "आई वं, मामाजी गेले," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मामाजी म्हणजे तिचे सासरे. दुपारचं जेवून गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर त्यांचा तो बॅटरीचा ट्रक पालथा घातलेला, हातात स्क्रू पिळायचा पेचकस. नितीन, म्हणजे माझा जावई, चहाला हाक मारायला गेला तर मान कलंडलेली. डॉक्टर आले, पण काही करायचं उरलं नव्हतं. मी म्हटलं, येते. परातीत थोडं पीठ उरलं होतं त्याचे सांडगे घालून टाकले, हात धुतले आणि ऑटो बघितला. यावरून नंतर नात्यातल्या एका बाईनं नाक मुरडलं. मुरडू दे. इवाई असते तर त्यांनी आधी हेच विचारलं असतं, "इहीणबाई, पीठ तं नाई फेकलं?" माझे सांडगे खाणाऱ्यात त्यांचा नंबर पहिला होता.

इवाई म्हणजे व्याही. आमच्याकडे असंच म्हणतात, आणि व्याह्यानं विहिणीला इहीणबाई म्हणायचं. त्यांचं नाव देवराव भोयर. काटोलकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. शेती भावाकडे राहिली आणि हे खापरखेड्याच्या वीज केंद्रात पेंटर म्हणून लागले. तिथले पाइप, टाक्या, धोक्याच्या पाट्या यांच्यावर अक्षरं आणि आकडे काढायचे. जन्मभर तेच काम. हात असा की फूटपट्टी न लावता सरळ रेघ ओढत. मी चौथी शिकलेली, माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. त्यांनी दारावर आमच्या ह्यांच्या नावाची पाटी करून दिली होती, ती अजून आहे. हे लकडगंजात लाकूड चिरायच्या आरामशिनीवर होते, लाकडात आयुष्य गेलं. हे म्हणायचे, पाटीचं लाकूड हलकं आहे पण अक्षर सागवानी आहे.

मंदाला बघायला आले तेव्हाची गोष्ट सांगते, म्हणजे माणूस कळेल. मी घाईत दूध घेऊन आत आले होते आणि माझी एक चप्पल दारात पालथी पडली होती. पालथी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत. पण पाहुण्यांसमोर बाहेर जाऊन ती सरळ कोण करणार? मी पडद्याआडून बघत होते. सगळी मंडळी तिला ओलांडून आत आली. देवरावजी सगळ्यांच्या मागे होते. त्यांनी वाकून चप्पल उचलली, सरळ केली, वर जोडीच्या चपलेशेजारी नेऊन ठेवली. तोंड बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे घालणाऱ्याला नुसता पाय सरकवता यावा. मग रुमालाला हात पुसून आत येऊन बसले, काही झालंच नाही असे. मी आत येऊन ह्यांना म्हटलं, पोरगी देऊन टाका. ते म्हणाले, अगं, अजून पोरगा काय करतो ते विचारायचंय.

तर असे इवाई. नोकरी संपली, पाठोपाठ माझी इहीण गेली, आणि ते कॉलनीतलं घर सोडून कोराडी रोडला नितीनकडे राहायला आले. रिकामा माणूस घरात फार वाईट. नळ चालू का, लाइट बंद का, हे बघत फिरतो. मंदा वैतागली होती. मग एक दिवस ते सांबार आणायला गेले (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि संध्याकाळ झाली तरी परतले नाहीत. आले ते धुळीनं माखलेले, पिशवीतला सांबार सुकून गवत झालेला. रस्त्याकडेच्या एका मोकळ्या प्लॉटवर काही माणसं रिमोटवर चालणारे ट्रक पळवतात, ते बघत उभे होते. पाच-सहा तास! पुढच्या महिन्यात एक जुना ट्रक घरात आला. वीतभरापेक्षा थोडा लांब, मोठमोठी रबरी चाकं, आणि वेग असा की मांजर घाबरून शेजाऱ्यांकडे राहायला गेली.

मला हे कळलं ते माठावरून. उन्हाळा सुरू झाला म्हणून मी मंदाकडे चांगला पक्का माठ नेऊन दिला होता. पुढच्या वेळी गेले तर फ्रिजच्या बाटलीतलं पाणी माझ्यापुढे आलं. मी विचारलं, माठ कुठंय? मंदानं नुसतं गॅलरीकडे बघितलं. गॅलरीत माठ होता. अर्धा रेतीनं भरलेला आणि त्यात एक बॅटरी वायर लावून पुरून ठेवलेली.

"हे काय करून राहिले तुम्ही?" मी म्हटलं.

"चार्जिंग करून राहिलो इहीणबाई. ही बॅटरी कधी फुगली तं पेट घेते. मातीच्या भांड्यात ठेवली की घर वाचते."

"अन् पाणी कशात प्यावं माणसानं?"

"तुमचा माठ लय पक्का हाये म्हणून तं घेतला. कच्च्या माठाचं काम नाई हे."

माझ्या माठाची स्तुती करून माझाच माठ लाटला. मी दुसरा आणून दिला आणि बजावलं, याला हात लावला तर बॅटरीसकट तुम्हालाच रेतीत पुरीन. ते हसून हसून खोकायला लागले.

क्लब म्हणजे फार मोठं काही नव्हे. रविवारी सकाळी वीस-पंचवीस माणसं जमतात. प्लॉट त्यांच्यातल्याच एकाचा. मुरूम आणि माती टाकून वळणावळणाचा रस्ता केलेला, मध्ये उड्या मारायला उंचवटे, कडेला प्लास्टिकचे पाइप. सुरू करण्याआधी पाण्याचा शिडकावा करतात, नाहीतर धुळीत काही दिसत नाही. एका बाजूला लाकडी मचाण, त्यावर रिमोट घेऊन सगळे ओळीनं उभे राहतात. मी पहिल्यांदा गेले ती मंदाकडे बसून कंटाळा आला म्हणून. इवाई म्हणाले, चला, हवा लागल. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले तर मंदा घाबरली. "आई, लोक काय म्हणतील?" म्हणाली. तिचा सासरा विधुर, मी विधवा. मी तिला म्हटलं, लोकांना सांग, तुझी आई खेळण्यातल्या गाड्या बघायला चालली आहे, बाकी या वयात गुडघे सोडून दुसरं काही दुखत नाही. गल्लीत दोन दिवस चर्चा झाली असेल. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी घरची बाई पळून गेली आणि आम्ही जुने झालो.

मचाणावर मिशीवाले, पोटवाले, चांगले कमावते पुरुष पाहून मी इवायांना म्हटलं होतं, "इतके धट्टेकट्टे माणसं, अन् यायच्यातला एक बी घरी झाडू मारत नसन." शिटी वाजली आणि ट्रक सुटले. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा आवाज. पहिल्याच वळणावर एक ट्रक उलटला. पालथ्या झुरळासारखा, चाकं वर आणि गरगर फिरताहेत. मालक मचाणावरून ओरडतोय, "मार्शल! मार्शल!" मला वाटलं, मार्शल नावाचा कोणी माणूस आहे आणि तो येत नाही. ट्रक माझ्यापासून चार पावलांवर पडलेला. मी पाइप ओलांडून गेले, ट्रक उचलला आणि खाली ठेवला. उलट्या तोंडाचा. मालकानं तिकडून दाब दिला आणि तो ट्रक सगळ्यांच्या अंगावर धावून गेला. तीन-चार एकमेकांवर चढले. मचाणावर आरडाओरडा, आणि इवाई रिमोट पोटाशी धरून हसताहेत.

मग त्यांनी मला नियम समजावला. या खेळाचा हा रिवाज मला सगळ्यात आवडला. एक शर्यत पळवली की पुढच्या शर्यतीला तुम्ही वळणावर उभं राहायचं, आणि दुसऱ्यांचे पडलेले ट्रक सरळ करायचे. यालाच मार्शल म्हणतात. कोणी कितीही मोठा असो, आत्ता हरलेला असो की जिंकलेला, खाली उतरून धुळीत उभं राहायचंच. नाही राहिला तर त्याची शर्यत बाद. इवाई बोटं मोजून सांगायचे, "पह्यला जो पडला त्याले पह्यले उचलाचं. तो कोनाचा हाये, ते पाहाचं नाई. उचलला की त्याचं तोंड पुढं करून ठेवाचं. अन् मालकाले बोल लावाचे नाई."

पहिल्या तिन्ही गोष्टी मी शिकले. चौथी मला कधीच जमली नाही.

पुढे इवायांच्या छातीत नळी टाकली. डॉक्टरांनी वाकणं, धावणं बंद केलं. ट्रक पळवायला हरकत नव्हती, तो उभ्यानं पळतो. पण मार्शल कोण राहणार? नितीनला या सगळ्याची लाज वाटायची. ऑफिसात कोणी विचारलं, वडील काय करतात, तर तो निवृत्त आहेत म्हणून सांगायचा आणि पुढे गप्प. तो येईना. क्लबवाले म्हणाले, भोयरकाकांना माफ करू. इवाई म्हणाले, मंग मी खेळत नाई. नियम तो नियम. बदली माणूस चालतो असं कळलं तेव्हा मी म्हटलं, मी राहते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जन्मभर वाकूनच कामं केली, सारवणं, निंदणं, पोळ्या. कंबर तुमच्यापेक्षा बरी आहे. तेव्हापासून उडीनंतरचं मोठं वळण माझं, शर्यत कोणाचीही असो. नारिंगी जाकीट लुगड्यावर घालून मी तिथे उभी राहायची. सगळ्यात जास्त ट्रक तिथेच पडतात.

गिरीश साहू म्हणून एक आहे. धरमपेठेत चष्म्याचं दुकान. क्लबातला सगळ्यात तेज हात त्याचा, पण उतावळा. एकदा लागोपाठ माझ्याच पायाशी येऊन पडायला लागला. मी मचाणाकडे बघून ओरडले, "काहून गा साहू, साऱ्या गावाले चष्मे लावून देतं, सोताले नाई का उरला?" सगळे हसले. तोही हसला आणि म्हणाला, "आजी, आप की तरफ देखता हूँ तो डर के मारे पलट जाता हूँ." खेळ संपल्यावर इवायांनी मला बाजूला घेतलं. "इहीणबाई, मालकाले बोल नाई लावाचे." मी म्हटलं, तुम्ही पडा, मग तुम्हालाही लावते. पुढच्या रविवारी त्यांच्या ट्रकच्या मागच्या फळीवर, खऱ्या ट्रकवर लिहितात तसं, लाल अक्षरात लिहून आणलं होतं: इहीणबाईचा धाक. बाजूला रूटही टाकला होता, खापरखेडा ते लकडगंज. मी दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी. संध्याकाळी मात्र मंदाला तो ट्रक दाखवायला मीच घेऊन गेले.

त्यांच्या चुकाही सांगायला हव्यात, नाहीतर मेलेला माणूस देव होऊन बसतो. एकदा त्यांच्या डोक्यात आलं की रस्त्यावर राख टाकली तर तो मऊ होईल. राखेच्या विटा करणारा एक ओळखीचा होता, त्याच्याकडून गाडीभर राख आणली. खापरखेड्यात जन्म गेलेला माणूस, राखेचं त्यांना कोणी काय सांगावं. मी म्हटलं, पाणी मारा जास्त. म्हणाले, मले शिकवता का? शिटी झाली, ट्रक सुटले, आणि असा करडा ढग उठला की कोणाला आपला ट्रक दिसेना. आवाज येतोय, ट्रक नाही. ढग बसला तेव्हा मचाणावर सगळे भस्म फासल्यासारखे उभे, मधोमध इवाई, फक्त डोळे लुकलुकताहेत. "अलख निरंजन," मी म्हटलं. साहूनं त्यांच्या पाया पडून भिक्षा मागितली. पुढे कित्येक रविवार ते राख झाडून काढत होते. कोणालाही हात लावू दिला नाही.

आता मचाणावरच्या नावांच्या फळीचं सांगते, कारण हे सगळं लिहायचं ते त्या फळीसाठी. मचाणाचा कठडा बदलायचा होता तेव्हा मी आरामशिनीवरच्या जुन्या ओळखीतून एक लांब सागवानी फळी मिळवून दिली. त्या फळीवर दरवर्षीच्या मोठ्या शर्यतीत जिंकणाऱ्याचं नाव रंगवतात. चषक वगैरे काही नाही, नुसतं नाव. पण ते नाव मिळवण्यासाठी ही माणसं वर्षभर मरतात. नावं रंगवायचे इवाई. आधी पेन्सिलनं अक्षरांची बाह्यरेघ काढायची, मग लाल रंग भरायचा. आणि त्या फळीवर त्यांचं स्वतःचं नाव एकदाही नव्हतं. दर वर्षी दुसरे, तिसरे, एकदा पाचवे. एकदा मी सहज विचारलं, वाईट नाही वाटत का? ब्रश न थांबवता म्हणाले, "वाटते ना. म्हणून तं पुढच्या नावाची जागा मी आधीच मोजून ठेवतो. दे-व-रा-व. बराबर बसते."

या हिवाळ्यात ती जागा जवळजवळ त्यांची झाली होती. मोठ्या शर्यतीच्या दिवशी नितीनही आला होता. मंदानं हट्टानं पाठवला होता, बाबांना एकदा तरी बघा म्हणून. आला आणि रमला. माझ्या वळणाजवळ पाइपाला खेटून उभा राहून लहान पोरासारखा ओरडायला लागला. इवाई त्या दिवशी इतके छान पळवत होते की मलाही बोलायला जागा ठेवली नाही. शेवटच्या फेरीत दोघेच उरले, पुढे साहू आणि त्याच्या शेपटीला इवाई. उडी आली. साहूनं नेहमीसारखी घाई केली. ट्रक तिरपा उतरला, गडगडत गेला आणि वळणाच्या पलीकडच्या कडेला पालथा पडला. इवाई मागेच होते, त्यांना वळायला जागा मिळाली नाही. त्याच्यावर आपटले, हवेत गेले आणि नेमके माझ्या पायाशी येऊन पालथे. चाकं वर. मागची फळी माझ्याकडे... इहीणबाईचा धाक.

मी खाली वाकले असते तर हात लागला असता. नितीन ओरडला, "आई, बाबांचा! बाबांचा उचला!"

पण पहिला साहू पडला होता. मी इवायांचा ट्रक ओलांडून पलीकडे गेले, साहूचा सरळ केला, तोंड पुढे करून ठेवला, आणि मग मागे येऊन इवायांचा उचलला. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. साहू पुढे गेला तो गेलाच. इवायांनी त्याला शेवटपर्यंत जवळजवळ गाठला, पण जवळजवळला फळीवर जागा नाही.

इवाई मचाणावरून जिना धरून सावकाश उतरले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आज हा माणूस काहीतरी बोलेल.

"साहूचं तोंड बराबर पुढं ठेवलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"मंग? त्याशिवाय जिंकला का तो?"

"झालं तं मंग. चला, चहा पिऊ."

परत येताना स्कूटरवर मी विचारलं, राग आला का? "आला," म्हणाले. "तुमचा नाई. त्या उडीचा." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "साहू नाव लहान हाये, तेवढाच रंग वाचन." आणि खांदे हलवत हसले. त्यांना लागलं होतं, हे मला कळत होतं. पण मी बरोबर केलं होतं, आणि तेही त्यांना कळत होतं. आमच्या दोघांत तो विषय तिथेच संपला.

नितीनचा संपला नाही. त्यानं मला कधी तोंडावर काही म्हटलं नाही, जावई आहे, पण पानावर बसला की माझ्या हातची भाजी नको म्हणू लागला. मंदा मध्ये सापडली. आणि थोड्याच दिवसांत इवाई गेले. तेरवीला पाहुणे पांगल्यावर तो दारात उभा राहून म्हणाला, "आई, एकदाच बाबांचा आधी उचलला असता तर काय बिघडलं असतं? एक नाव तर राहिलं असतं त्यांचं." मी म्हटलं, तुमच्या बाबांनीच शिकवलं तसं केलं. तो आत निघून गेला. लेकीच्या घरात मला नकोसं होईल अशी वेळ आली होती. मी रडत नाही. पण त्या दिवशी लकडगंजला परत येताना मी ऑटोवाल्याशी भाड्यावरून विनाकारण भांडले.

मग एका रविवारी साहूचा फोन आला. क्लबनं ठरवलंय, म्हणाला, या वर्षी फळीवर माझं नाव नको, भोयरकाकांचं टाकायचं. नितीनभाऊंनी सुचवलं आणि मला तर फारच पसंत आहे. तुम्ही या. मी गेले. मंदा आणि नितीन आधीच आले होते. एक भाड्याचा पेंटर रंगाचे डबे घेऊन बसला होता. साहूच्या हातात चिंधी आणि थिनरची बाटली. मी फळीजवळ गेले.

शेवटच्या ओळीत पेन्सिलनं पूर्ण नाव काढलेलं होतं. गिरीश साहू. त्यातला गि तेवढा लाल भरलेला, बाकीची अक्षरं नुसत्या रेघा. मोठ्या शर्यतीनंतरच्या रविवारी इवायांनी एवढं काम केलं होतं. रंग घट्ट झाला, टर्पेंटाइन घेऊन येतो म्हणाले होते. त्यानंतरचा रविवार त्यांना मिळाला नाही.

"थांब गा," मी साहूला म्हटलं. "काय करून राहिला?"

"पुसतोय आजी. माझं नाव काढतो."

मी नितीनकडे वळले. "जावईबापू, हे अक्षर कोणाचं आहे?"

तो फळीकडे बघत राहिला. "बाबांचं."

"मग बाबांचं अक्षर थिनरनं पुसायचं, आणि त्यावर भाड्याच्या माणसाकडून बाबांचं नाव काढून घ्यायचं? तेही न जिंकलेलं? ते वर बसून काय म्हणतील, माहीत आहे ना तुम्हाला?"

मंदानं पदर डोळ्यांना लावला. साहूनं बाटलीचं बूच लावून टाकलं. नितीननं वाकून त्या अक्षरावरून बोट फिरवलं. रंगाला न लागता, वरून वरून. "श काढताना ते नेहमी जीभ बाहेर काढायचे," तो म्हणाला, आणि हसला. वडील गेल्यापासून मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं.

भाड्याच्या पेंटरला चहा पाजून परत पाठवलं. ब्रश मी घेतला. अक्षर मला काढता येत नाही, पण काढलेल्या रेघांत रंग भरणं म्हणजे रांगोळी भरण्यासारखंच. नितीननं डबा धरला. सगळा क्लब मागे उभा राहून श्वास रोखून बघत होता, म्हणून मला ओरडावं लागलं की उन्हातून सरका, तुमची सावली पडते. रीची वेलांटी जरा रेघेबाहेर गेली. इवाई असते तर म्हणाले असते, इहीणबाई, तुमचा धाक रंगाले नाई दिसत. शेवटचा हू राहिला तेव्हा माझा हात दुखायला लागला आणि मी ब्रश नितीनला दिला. त्यानं सावकाश भरला. जीभ बाहेर काढून.

आता तिथे गिरीश साहूचं नाव आहे, देवराव भोयरांच्या अक्षरात. त्याच्याखाली थोडी जागा मोकळी आहे. कोणासाठी मोजून ठेवली होती, ते क्लबातल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्याला तिथे नाव हवं त्यानं जिंकून दाखवावं. नितीन हल्ली रविवारी येतो. तो ट्रक चालवतो आणि फार वाईट चालवतो. मी बोल लावते.

नाव रंगवलं त्या दिवशी दुपारी आम्ही तिघं मंदाच्या घरी आलो. दारात चपला काढताना नितीनची एक चप्पल पालथी पडली. तो आत निघाला होता, थबकला, मागे वळला, वाकून ती उचलली, सरळ केली आणि जोडीला लावून ठेवली. तोंड बाहेरच्या बाजूला. मंदानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, पानं घे. आणि सांडगे तळ थोडे, जावईबापूंना वाढ.

त्यानं दोनदा मागून घेतले.